कानातला आवाज कानातच मोजा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. रोगट डोळ्यांची रंगीत चित्रेसुद्धा त्यांत आहेत. डोळ्याचे हे एक बरे असते, वैद्याला जे दिसले ते चिताऱ्यालाही दिसते. ऐकू येण्याचे चित्र कोण काढणार?

आणि गाव तर सगळे कानावर जगणारे. वीणा इथली, मृदंग इथला. शेजारच्या तिरुचिरापल्लीत जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की चामड्यावर मधोमध लावलेल्या शाईमुळे मृदंगासारख्या वाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. वाद्य समोर ठेवून मोजता येते. पण तो नाद ऐकणाऱ्याच्या पडद्यावर किती जोराने आदळला, हे मोजायला कानात शिरावे लागते, आणि तिथेच घोटाळा होतो.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, आतल्या टोकाला पडद्याने बंद. संशोधक तिच्यात बारीक प्रोब घट्ट बसवतात. त्यातच छोटा स्पीकर, त्यातच मायक्रोफोन. स्पीकरचा आवाज पडद्यावर आपटून परत फिरतो, आणि जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात. प्रोब पडद्यापासून दोन सेंटिमीटरवर असेल तर ४००० हर्ट्झच्या थोडे वर या दोघी मायक्रोफोनपाशी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. यंत्राला वाटते आवाज कमी पडला, म्हणून ते तो वाढवते. पडद्यावर मात्र आधीच पुरेसा पोचलेला असतो! ही चूक २० डेसिबेलपर्यंत जाऊ शकते, म्हणजे ध्वनिदाबात दहा पट. प्रोब जरा आतबाहेर सरकला की चुकीची जागाही सरकते.

यावर तोडगा निघाला आहे. ठरावीक लांबीच्या नळ्यांत प्रोब आधी पारखून घ्यायचा, स्पीकरचा स्वभाव गणिताने ओळखायचा, मग कानात पुढे जाणारी लाट परतीच्या लाटेपासून वेगळी काढून तिच्यावरच भरवसा ठेवायचा. काम किचकट, वेळखाऊ. म्हणूनच ते टाळले जाते, असा माझा संशय आहे.

तंजावरला हे का सांगायचे? नागस्वरम् आणि तविल यांच्या गजरात आयुष्य काढणाऱ्या वादकांमुळे. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसते. प्रोब फसतो तोही नेमका याच पट्ट्यात. उद्या कुणी या वादकांचे कान तपासायला उतरले आणि प्रमाणीकरणात कसर ठेवली, तर कुणाचा कान बिघडला आणि कुणाचा प्रोब चुकीच्या जागी बसला, हे आकड्यांवरून कळायचे नाही.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी, पण वळण तेच. श्रवणयंत्र तपासायचा नेहमीचा कप्लर म्हणजे दोन घनसेंटिमीटरची पोकळी. बाळाच्या कानात उरणारी जागा त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे तोच आवाज उच्च वारंवारतेला १० ते २० डेसिबेलने जास्त भरतो. कप्लरवर जुळवलेले यंत्र तसेच बाळाला लावणे म्हणजे बापाच्या मापाचा अंगरखा लेकराला घालणे.

बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे. नवजातांचे कान तपासणारी यंत्रे आता अपरिचित राहिलेली नाहीत. १९७८ मध्ये डेव्हिड केंप यांनी निरोगी कान स्वतःही बारीक आवाज बाहेर टाकतो हे दाखवले. त्यावरच यांतली बरीच यंत्रे चालतात. खरेदी होते, फीत कापली जाते. माझी मागणी साधी आहे. श्रवण-तपासणीच्या प्रत्येक अहवालावर प्रोब शेवटचा केव्हा व कशात पारखला ते छापावे, आणि मूल सहा महिन्यांच्या आतले असेल तर माप त्याच्याच कानात घेतले की कप्लरवरून अंदाज बांधला, हेही. अहवालात दोन ओळी वाढतील, एवढेच.

– श्रुतिधर