पांढऱ्या सायकलींचा सवाल

वाहनाखाली सायकलस्वार ठार झाला, की त्या जागी पांढऱ्या रंगाने रंगवलेली जुनी सायकल खांबाला साखळीने जखडायची आणि शेजारी मृताच्या नावाची पाटी लावायची, ही प्रथा अमेरिकेतील सेंट लुईस शहरात २००३ साली सुरू झाली व लवकरच न्यूयॉर्कमध्ये रुजली. २०१० साली न्यूयॉर्कच्या स्वच्छता खात्याने रस्त्यांवरील बेवारस सायकली उचलण्यासाठी नियमाचा मसुदा काढला आणि या स्मारकांनाही भंगारातच जमा केले. मृतांच्या आप्तांनी व सायकलस्वारांनी त्याला कडाडून विरोध केला. अखेर खात्याला माघार घेऊन स्मारक-सायकली नियमातून वगळाव्या लागल्या.

प्रशासनाची बाजू अगदीच निराधार नव्हती. पदपथ सर्वांचा आहे. अंध-अपंगांना तेथे अडथळा होता कामा नये आणि सार्वजनिक जागेवर कोणाच्याही खाजगी दुःखाचा कायमचा हक्क असू शकत नाही. परंतु ही स्मारके निव्वळ खाजगी दुःखाची नाहीत. येथे माणूस मेला, एवढेच ती सांगत नाहीत. येथे पुन्हा माणूस मरू शकतो, असा इशाराही देतात.

हा इशारा पोकळ नाही. त्याच शहरातील क्वीन्स बुलेव्हार्ड या रुंद हमरस्त्यावर १९९० ते २०१४ या काळात १८६ माणसे मरण पावली. लोक त्याला मृत्यूचा रस्ता म्हणू लागले. एकाच रस्त्यावर इतके बळी जातात, तेव्हा दैवाला किंवा एकेका चालकाला बोल लावून भागत नाही. भरधाव मोटारींच्या सोयीसाठी आखलेल्या रस्त्यावर पादचारी मरतो; सायकलवरून घरोघर जेवण पोचवून पोट भरणारा स्थलांतरित मजूरही मरतो. २०१५ पासून या रस्त्याची फेररचना सुरू झाली, सायकलींना स्वतंत्र मार्गिका मिळाली आणि मृत्यू घटले. म्हणजेच आधीचे अनेक मृत्यू टळण्याजोगे होते.

म्हणून स्मारकाची मुदत दिवसांत मोजू नये, कामात मोजावी. अपघातस्थळाची चौकशी व्हावी, अहवाल नागरिकांपुढे यावा, रस्त्याचा दोष दूर व्हावा. मग आप्तांना विश्वासात घेऊन सायकल खुशाल उतरवावी. त्याआधी ती उचलणे ही सफाई नव्हे, पुरावा नष्ट करणे होय. रस्ता जसाच्या तसा ठेवून केवळ खूण पुसणारे शहर स्वच्छ दिसेल, सुरक्षित होणार नाही. आणि पुढच्या बळीची जबाबदारी त्याला झटकता येणार नाही.