अनुभव आणि विचार

अनुभवासारखा गुरू नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे आहे. अनुभव हा गुरू असलाच, तर तो फार अबोल गुरू आहे. विचारल्यावाचून तो एक अक्षरही सांगत नाही. एकाच उंबऱ्याला दहा वर्षे ठेचाळणारा मनुष्य प्रत्येक गावात असतो. त्याच्या गाठी अनुभव का थोडा असतो? तपासून आलेल्या वहीतील गुण तेवढे पाहून ती मिटून ठेवणारा विद्यार्थी हा त्याचाच धाकटा भाऊ होय.

व्हिएन्ना नगरीतील सार्वजनिक रुग्णालयात १८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून काम करू लागला. तेथे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या कक्षात शेकडा दहाच्या आसपास माता बाळंतज्वराने दगावत. दुसऱ्यात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी असे. शहरातील स्त्रियांना हे ठाऊक होते. पहिल्या कक्षात नेऊ नका, म्हणून त्या हातापाया पडत.

हा अनुभव त्या रुग्णालयात कोणाला नव्हता? सर्वांना होता, आणि वर्षानुवर्षे होता. कोणी हवेला दोष देई, कोणी गर्दीला, आणि पुन्हा कामाला लागे. सेमेलवाइसने मात्र एकेक तर्क घासून पाहिला. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या कक्षातच अधिक होती. हवा तर दोन्हीकडे एकच. मरणोन्मुख रुग्णाकडे जाताना धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या कक्षातून जात. त्या नादाने स्त्रिया भयभीत होत असतील, म्हणून त्याने तीही बंद करविली. मृत्यू थांबले नाहीत.

१८४७ च्या मार्च महिन्यात त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांचा अंत झाला. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील शस्त्र त्यांच्या बोटाला लागले होते. सेमेलवाइसला अपार दुःख झाले. परंतु त्या दुःखातही त्याने आजाराचा वृत्तांत बारकाईने वाचला. लक्षणे थेट बाळंतज्वराचीच होती! मग त्याच्या ध्यानात आले, की डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येतात. सुइणी शवविच्छेदन करीत नाहीत. काही विषारी द्रव्य हातांवाटे मातांपर्यंत जात असले पाहिजे. मे महिन्यात त्याने नियम घातला, की क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याखेरीज कोणी आत येऊ नये. एप्रिलमध्ये शेकडा अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या जवळ आले.

येथेही तो थांबला नाही. ऑक्टोबरात एका स्त्रीच्या कुजलेल्या व्रणातून संसर्ग होऊन तिच्या रांगेतील बहुतेक माता दगावल्या. तेव्हा विष केवळ शवातूनच येते, हा आपला समज अपुरा होता हे त्याने मान्य केले, आणि प्रत्येक रुग्ण तपासल्यानंतर हात धुण्याचा नियम केला. स्वतःच्याच शोधाकडे पुन्हा संशयाने पाहणे हे पहिल्या शोधाहूनही कठीण असते.

अनेक ज्येष्ठ डॉक्टरांना त्याचे म्हणणे पटले नाही. आपले केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत, ही भावना मनात घर करून बसली, की नवा प्रश्न आत शिरू शकत नाही. दोष सर्वस्वी त्यांचाच होता, असेही नव्हे. सेमेलवाइसने आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास १८६१ साल उजाडू दिले. शिवाय विरोधकांना पुरावा सावकाश समजावून सांगण्याऐवजी तो त्यांच्यावर कडाडून तुटून पडे. १८६५ साली तो वारला. बाळंतज्वराला कारण होणारे सूक्ष्मजंतू लुई पाश्चरने दाखवून दिले, ते १८७९ साली.

त्या ग्रंथात सेमेलवाइसने एक गोष्ट लपविली नाही. शवविच्छेदन करण्यात तो स्वतः इतर बहुतेकांच्या पुढे असे. म्हणून त्याच्या हातून किती मातांना अकाली मृत्यू आला असेल, ते एका ईश्वरालाच ठाऊक, असे त्याने आपल्याच लेखणीने लिहून ठेवले आहे.