बालवाडीची बाई आणि राज्याची जबाबदारी

सहा वर्षांखालील मुलाचे शिक्षण हा राष्ट्राच्या इमारतीचा पाया आहे, असे शासनाच्या प्रत्येक दस्तऐवजात लिहिलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वीच होते असे नमूद करून, २०३० पर्यंत प्रत्येक बालकाला हे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. परंतु हा पाया ज्या हातांनी घालावयाचा त्या हातांना ही कला कोणी शिकवावयाची आणि त्यांच्या श्रमाचे मोल कोणी द्यावयाचे, हे प्रश्न आले की शासनाची भाषा एकदम बदलते. तेथे शिक्षिकेची ‘सेविका’ होते, वेतनाचे ‘मानधन’ होते आणि शिक्षणाचे शिबिर होते. वसई-विरारसारख्या श्रमिकांच्या शहरात या भाषाबदलाची किंमत कोण मोजतो, याचा विचार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गंभीरपणे करावयास हवा.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून २००९ साली येथे महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. पूर्वेकडील चाळींतून पहाटेच्या लोकलने नवरा-बायको दोघेही मुंबईकडे निघतात. कोणी वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांत जातात. वीटभट्ट्यांवर कातकरी आणि वारली कुटुंबे हंगामभर मुक्कामाला असतात. अशा घरातील तीन वर्षांच्या मुलाने दिवस कोठे काढावा? थोरल्या बहिणीच्या कडेवर, म्हणजे त्या बहिणीची शाळा बुडवून, शेजारणीच्या ओट्यावर, अंगणवाडीत, नाही तर गल्लीतील एखाद्या इंग्रजी नावाच्या ‘नर्सरी’त. शेवटच्या दोन ठिकाणी त्याला शिकविणारी बाई भेटते. तिला कोणी काय शिकविले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हे न विचारणे केवळ अनवधानाने घडलेले नाही. त्याला कायद्याचाच आधार आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून पुढे. सहा वर्षांखालील बालकाला मार्गदर्शक तत्त्वांतील कलम ४५ मधील ‘प्रयत्न करील’ या शब्दांवर सोपविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलमही शासनाला व्यवस्था करण्याची मुभा देते, सक्ती करीत नाही. जेथे राज्य बंधन मानीत नाही तेथे बाजार शिरतो. सदनिकेच्या एका खोलीत पाळणाघर, दुसऱ्या खोलीत नर्सरी आणि सुटीच्या दिवशी त्याच खोलीत ‘टीचर्स ट्रेनिंग’ अशी दुकाने मग उभी राहतात. बारावी झालेली गरीब घरची मुलगी घरच्यांकडून पैसे घेऊन काही महिन्यांचे प्रमाणपत्र विकत घेते आणि तशाच एखाद्या नर्सरीत अल्प पगारावर कामाला लागते. तिच्या हाती गिरविण्याची वही आणि इंग्रजी बडबडगीते असतात. मूल का रडते, का चावते, का बोलत नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. पालकही फसतात आणि तीही फसते.

या दुकानांच्या पाटीवर पुष्कळदा ‘मॉन्टेसरी’ हा शब्द असतो. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत उघडले, हे तो शब्द विकणाऱ्यांना ठाऊक नसावे. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून हुंदडणाऱ्या मुलांसाठी ती शाळा निघाली. नालासोपाऱ्याच्या चाळीतील मुलाचा त्या पद्धतीवर जेवढा अधिकार आहे तेवढा कोणाचाच नाही.

त्या विचाराला येथील मातीत रुजविण्याचे काम याच जिल्ह्यात झाले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता; दादरच्या शिशुविहारमुळे त्यांचे नाव शहरात झाले होते. तरीही १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीला आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. बालविधवा म्हणून आयुष्य सुरू झालेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठबिगारीस नकार दिला होता, हा योगायोग ध्यानी ठेवण्यासारखा आहे. एकाच वर्षी एकाच पट्ट्यात आदिवासी आपल्या श्रमाचे मोल मागू लागला आणि त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा शोधही सुरू झाला. या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

बोर्डीतील दलित वस्तीची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अनुभवातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. परदेशी महाग साहित्याऐवजी शिंपले, बिया, बांबू आणि माती वापरली गेली. शिक्षिका घडविण्याचे कामही तेथेच, मुलांच्या सहवासात झाले. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, त्यांची बोली समजून घेणे, त्यांच्या घरी जाणे, हाच तेथील शिक्षणाचा पहिला पाठ होता. बालशिक्षण हे ममतेचे काम खरेच. परंतु केवळ ममतेने ते साधत नाही, ते शिकावे लागते, हे कोसबाडने सिद्ध केले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. शब्द गेला, मागची तपश्चर्या मात्र कोसबाडलाच राहिली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशी सहा कामे एका सेविकेच्या व एका मदतनीसाच्या माथी आली. त्यांवर नोंदवह्या आल्या, पुढे मोबाइलवरील पोषण ट्रॅकर आला, आणि २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचे कामही आले. या साऱ्यांतून उरलेल्या वेळात तिने मुलांना शिकवावे, अशी अपेक्षा आहे!

तिच्या प्रशिक्षणाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षिकेसाठी दोन वर्षांची पदविका आहे. म्हणजे हे काम शिकण्यास किती काळ लागतो, हे शासनाच्या संस्थेलाच मान्य आहे. २०२० च्या धोरणाने मात्र बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका पुरेशी मानली, तीही दूरचित्रवाणी व मोबाइलवरून, महिन्यातून किमान एका प्रत्यक्ष वर्गासह. २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ मोहीम निघाली. तीत सेविकेच्या वाट्याला तीन दिवसांचे प्रशिक्षण आले. दोन वर्षांचे तीन दिवस कसे झाले? ज्यांची मुले अंगणवाडीत जातात त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही म्हणून.

प्रशिक्षणाची मागणी पुढे आली की चळवळीतूनच एक रास्त शंका निघते. वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या सेविकेकडे उद्या पदविका मागून तिला घरी बसविले तर? ही भीती निराधार नाही. कामगारांची छाटणी करण्यासाठी ‘पात्रता’ हे हत्यार भांडवलदारांनी आणि शासनानेही वापरले आहे. परंतु या भीतीपोटी प्रशिक्षणच नाकारणे म्हणजे गरिबाच्या मुलाला कमी प्रतीची शिक्षिका चालते, हे मान्य करण्यासारखे आहे. समाजवादी चळवळीला ते कदापि मान्य होणार नाही. सेविकेचा अनुभव पात्रतेत धरावा, प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पूर्ण मोबदल्यासह व शासनाच्या खर्चाने द्यावे आणि त्यापायी एकाही बाईची नोकरी जाऊ नये, हेच या शंकेचे उत्तर आहे.

आणि प्रशिक्षणाबरोबर वेतनही आलेच पाहिजे. अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदान मिळाले पाहिजे असा निर्णय दिला, आणि मानधन या नावाखाली मिळणारी रक्कम हे वेतनच आहे असे मानले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेसाठी दरमहा ४,५०० रुपये धरले. त्यावरची वाढ राज्याकडून मिळविण्यासाठी सेविकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला महाराष्ट्रातील संप पन्नास दिवसांहून अधिक चालला. एवढी झुंज ‘मानसेवी’ म्हणविल्या जाणाऱ्या बायकांना द्यावी लागते, यातच त्या शब्दातील ढोंग उघडे पडते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. बोर्डी आणि कोसबाड ज्या जिल्ह्यात आहेत तेथे बालशिक्षणाच्या पदविकेचे शासकीय, विनाशुल्क आणि विद्यावेतन देणारे अध्यापक विद्यालय असावे, ही मागणी अवास्तव नाही. त्याचे एक केंद्र वसई-विरारमध्ये असावे. तेथील विद्यार्थिनींनी वर्गाइतकाच काळ चाळीतील अंगणवाडीत आणि वीटभट्टीवर काढावा. वारली, सामवेदी, आगरी, हिंदी, गुजराती अशा बोली-भाषांतून येणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, हा तेथील अभ्यासक्रमाचा भाग असावा. वसई तालुक्यात विधायक संसदेने वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी भोंगा शाळा चालविल्या. तो अनुभवही तेथे शिकविला जावा. खासगी नर्सऱ्यांतील शिक्षिकांनाही याच पदविकेची संधी आणि किमान वेतनाचे संरक्षण मिळावे.

कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्या प्रभागापासून करावा. अंगणवाडी कोठल्या खोलीत भरते, तिचे भाडे वेळेवर मिळते काय, बाईला शेवटचे प्रशिक्षण केव्हा मिळाले, शेजारच्या नर्सरीतील मुलीला महिन्याला काय मिळते, याची पाहणी करून ती महापालिकेपुढे आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. सेविकांच्या संघटना आणि पालक यांना एका सभेत बसवावे. संपाच्या दिवसांत हे दोघे परस्परांविरुद्ध उभे केले जातात, तो डाव मोडावा.

श्रमिकाचे मूल आणि त्याला शिकविणारी बाई ही दोघेही आज एकाच अन्यायाची बळी आहेत. बाईला शिकविले नाही तर मुलाचे नुकसान होते, आणि शिकवून उपाशी ठेवले तर बाई टिकत नाही. म्हणून प्रशिक्षण आणि वेतन या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात, एकाच मोर्चात एकत्र मांडल्या पाहिजेत.