अंगठा म्हणजे संमती नव्हे!

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूपासून होतो. त्याला अटकाव करणारी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये देशी लसही बाजारात आणली. मग घोडे अडते कुठे? किमतीवर अडते, हे खरेच. पण डॉक्टरच्या शब्दावरही तितकेच अडते, असे आमचे मत आहे.

ही लस ९ ते १४ या वयात देणे उत्तम. विषाणूशी संबंध येण्याआधी ती दिली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो. पण विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हणून डॉक्टर आईबापांसमोर चाचरतात. ‘हवी असेल तर घ्या’ असे म्हणून मोकळे होतात. आई मनात म्हणते, इतकी गरजेची असती तर डॉक्टर असे बोलले असते का? आणि मुलगी लस न घेताच घरी जाते.

यावर अमेरिकेत संशोधन झाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील दवाखान्यांत डॉक्टरांना बोलण्याचे प्रशिक्षण दिले गेले. काहींना शिकवले, ‘आज मुलीला या लसी द्यायच्या आहेत’ असे सरळ सांगा, शंका निघाली तर उत्तर द्या. काहींना मोकळी चर्चा करायला शिकवले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरळ सांगणाऱ्यांच्या दवाखान्यांत ११-१२ वर्षांच्या मुलांमुलींचे लसीकरण, प्रशिक्षण न मिळालेल्या दवाखान्यांपेक्षा सहा महिन्यांत ५.४ टक्के अंकांनी जास्त वाढले. चर्चेच्या प्रशिक्षणाने तसा फरक पडला नाही.

हे तंत्र आपल्याकडे जसेच्या तसे उचलावे काय? येथे आम्हाला खम्मम आठवते. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेने आयसीएमआरच्या सहभागाने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस टोचली. त्यांत आश्रमशाळांतील आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशी समितीने हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे मानले नाही. मात्र संमतीचे काय? संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर नुसते अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती! मुलीच्या आईबापांना कोणी विचारले?

ज्या वस्तीत डॉक्टरसमोर खुर्चीवर बसायलाही माणूस कचरतो, तेथे ‘आज लस द्यायची आहे’ हे वाक्य सूचना राहत नाही, तो हुकूम होतो. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे स्वरूप, फायदा, धोका आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. हा दंडक शहरातल्या पेशंटला एक आणि पाड्यावरच्या मुलीला दुसरा असू शकत नाही.

पण खम्ममचे नाव घेऊन लसच नाकारणे हा आपल्याच लेकींवर दुसरा अन्याय ठरेल. वेळेवर तपासणी आणि महागडे उपचार ज्यांच्या आवाक्यात नाहीत, त्याच स्त्रिया या रोगात आधी जातात. म्हणून आमची मागणी प्रशिक्षणाची आहे. बालरोगतज्ज्ञांपुरते ते नको. वस्तीत प्रत्यक्ष सुई टोचणाऱ्या नर्सताईलाही ते मिळाले पाहिजे. तिने ठामपणे सांगावे, ही लस कर्करोगापासून वाचवण्यासाठी आहे. हात दुखेल, चक्कर येऊ शकते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवू, हेही सांगावे. ‘पोरीला पुढे मूल होईल ना?’ या प्रश्नाला हसू नये. लसीने वांझपण येत असल्याचा पुरावा नाही, हे समजावून सांगावे. लस घेतली तरी पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, हेही लपवू नये. आणि मुलीशीही बोलावे, कारण सुई तिच्या दंडात जाणार आहे.

एवढे ऐकून घेतल्यावर आईने होकार दिला, तर तो होकार कोणत्याही सहीपेक्षा पक्का असेल. तिने नकार दिला, तर तिला न झिडकारता पुन्हा भेटावे. ज्यांचे अंगठे आजवर न विचारता उठवले गेले, त्यांचा विश्वास असाच परत मिळवावा लागेल.