ऊन, पाऊस, थंडी आणि गाडीवरचा पोशाख



या महिन्याचे पत्र असोद्याच्या एका भगिनीचे आहे. थोरला मुलगा जळगावच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, धाकटा आठवडी बाजारांत कपडे विकतो. दोघांचे फिरणे मोटारसायकलवर. थोरल्याला रायडिंग जॅकेट आणि पँट घ्यायची आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, हे हौशी पोरांचे चोचले आहेत. मरण जिथे लिहिले आहे तिथे ते येणारच. भगिनी विचारतात, सहा हजार रुपयांत तिन्ही ऋतूंना चालेल असे काही मिळेल का? एकच जॅकेट दोघा भावांना पुरेल का? की हा पैसा वाया जाईल?

आधी वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण असे म्हणणारे त्या घरात एकटे नाहीत.

सूरह नहलच्या 81व्या आयतीत अल्लाहने आपल्या नेमतींमध्ये पोशाखाचा उल्लेख केला आहे. तिथे दोन उपयोग सांगितले आहेत: उन्हापासून बचाव आणि लढाईतल्या वारापासून बचाव. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखते बनवण्याचा हुकूम आहे आणि त्यांच्या कड्या नीट मापात जोडण्याची ताकीदही आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी उहुदच्या दिवशी एकावर एक दोन चिलखते घातली होती आणि मक्का जिंकून शहरात प्रवेश करताना त्यांच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण होते, असे हदीसमध्ये येते. त्यांच्यापेक्षा अधिक तवक्कुल कोणाचा असणार? तकदीरवर ईमान ठेवणे आणि अंगावर संरक्षण चढवणे यात विरोध नाही. जीव ही अमानत आहे आणि घरात तिच्यावर विसंबलेली माणसे आहेत.

आता रस्त्याचा विचार करू. बहिणाबाईंचे माहेर असलेले असोदे जळगावच्या अगदी जवळ. ‘जवळच तर जायचे आहे’ असे म्हणून माणूस चपलेवर, उघड्या डोक्याने निघतो. पण या मुलाच्या वाटेत रेल्वेमार्ग आहे, शहराची गर्दी आहे, अवजड ट्रकांचा महामार्ग आहे आणि मग अजिंठा रस्ता. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात समोर येतात. ताशी 50च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. त्या वेगात घसरलेला माणूस रस्त्यावर फरफटत जातो. सुती शर्ट क्षणात फाटतो, पातळ नायलॉनचे विंडचीटर घर्षणाने वितळून कातडीला चिकटते. खरचटणे वरवरचे असले तरी गुडघ्याची वाटी किंवा मनगट मोडले, तर पाळीवर जाणाऱ्याचा पगार थांबतो आणि बाजार करणाऱ्याचा धंदा बसतो. जॅकेटचा खर्च या नुकसानीशी ताडून पाहावा.

खरेदीचा क्रम मात्र ठरलेला असू द्या. सर्वांत आधी हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही बंधनकारक आहे. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस 4151 हा क्रमांक पाहून घ्या. त्यानंतर घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. मग जॅकेट आणि गुडघ्यांचे संरक्षण. रायडिंग पँट सर्वांत शेवटी. जॅकेट घातले नाही म्हणून पोलीस दंड करत नाहीत, म्हणून ते मागे पडते. पण हेल्मेट नसताना आधी जॅकेट घेणे हेही उलटेच.

दुकानात जॅकेट हातात आले की रंग आणि चित्रे नंतर पाहा. आधी खांद्याच्या आणि कोपराच्या आतल्या खिशात हात घालून पॅड बाहेर काढा. त्यावर ‘ईएन 1621-1’ असे कोरलेले किंवा छापलेले असावे, सोबत लेव्हल 1 किंवा लेव्हल 2. ही युरोपातली चाचणी आहे. पॅडवर ठराविक जोराचा आघात करून खाली किती जोर पोहोचतो ते मोजतात. लेव्हल 1 मध्ये तो सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत आणि लेव्हल 2 मध्ये 20च्या आत असावा लागतो. म्हणजे लेव्हल 2 अधिक चांगले. पण आपल्या बजेटमध्ये लेव्हल 1 मिळाले तरी समाधान माना. पाठीचे पॅड मात्र बहुतेक स्वस्त जॅकेटांत नुसता फोम असतो, ते लक्षात असू द्या. पाठीसाठी वेगळे मानक आहे, ईएन 1621-2. तसे पॅड पुढे सवडीने घेऊन त्याच खिशात घालता येते.

मग शिवण पाहा. खांदा, कोपर आणि कूस इथे दुहेरी-तिहेरी शिलाई हवी. दोन्ही हातांनी कापड ताणून पाहा, टाके उघडे पडत असतील तर जॅकेट परत ठेवा. पडण्याच्या जागी, म्हणजे खांद्यावर आणि कोपरावर, जाळी नसून जाड विणीचे कापड असावे.

शेवटी माप. इथेच हजरत दाऊद (अलै.) यांना दिलेली ताकीद आठवावी. दुकानातल्या खुर्चीवर, शक्य असेल तर गाडीवर, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बसा. बाही मनगटापर्यंत यायला हवी, पाठ उघडी पडू नये आणि कोपराचे पॅड कोपरावरच राहावे. दुसऱ्या हाताने ते फिरवून पाहा; फिरले, तर पडतानाही फिरेल आणि हाड उघडे राहील. म्हणून भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: दोघा भावांची अंगकाठी सारखी असेल आणि वेळा वेगळ्या असतील तरच एक जॅकेट चालेल. नाहीतर जो अंधारात आणि महामार्गावर अधिक जातो, त्याच्या मापाचे घ्या. ‘पुढच्या वर्षी अंग भरेल’ म्हणून मोठे माप घेण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

आता हवामान. खान्देशात मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 10च्याही खाली येतो. एका कापडाने दोन्ही भागणार नाही. म्हणून मूळ जॅकेट जाळीचे घ्यावे आणि बाकीचे थर ऋतूप्रमाणे चढवावेत.

उन्हाळ्यात लोक जाळीचे जॅकेटही काढून ठेवतात. पण कातडीचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. मग घाम वाळतो तेवढाच थंडावा. उघड्या हातांनी लू झेलणाऱ्याचे पाणी झपाट्याने कमी होते. आपल्याकडच्या भगिनी पांढरा सनकोट आणि स्कार्फ घालून स्कूटर चालवतात, शेतकरी डोक्याला रुमाल बांधतो, ते याच अनुभवातून. जॅकेटच्या आत सुती बनियन ओला करून, पिळून घाला. तो वाळेपर्यंत चांगला गारवा राहतो. जॅकेट काळ्याऐवजी राखाडी किंवा फिकट रंगाचे घ्या, त्यावर परावर्तक पट्ट्या असाव्यात. निघताना आणि पोहोचल्यावर पाणी प्या.

पावसासाठी काही जॅकेटांच्या आत पाणीरोधक अस्तर येते. ते अंग कोरडे ठेवते, पण बाहेरचे जॅकेट भिजून जड होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीपर्यंत वाळत नाही. त्यापेक्षा जॅकेटवरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनसूट बरा. तो उलटा करून पाहा, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. पँटच्या बैठकीच्या शिवणीतूनच पाणी आधी शिरते. लांब, मोकळा रेनकोट गाडीवर नको, त्याचा घोळ चाकात जाऊ शकतो.

थंडीसाठी वेगळा खर्च नको. आत घरचा स्वेटर, त्यावर जाळीचे जॅकेट आणि त्यावर तोच रेनसूट. थंडी वाजते ती वाऱ्याने. वारा बाहेर अडवला की आतली ऊब टिकते. म्हणून जॅकेट घेताना आत स्वेटर मावेल एवढी जागा आणि उन्हाळ्यात आवळायला कमरेला व दंडाला पट्टे आहेत ना, ते पाहा.

कातडी जॅकेट घासायला सर्वांत टिकाऊ, पण आपल्या उन्हात आणि आपल्या बजेटमध्ये ते बसत नाही. कातडी हातमोजे घेताना कातडे कोणत्या जनावराचे आहे ते विचारा. काही मालात डुकराचे कातडे असते. लेबलवर स्पष्ट लिहिलेले नसेल तर कापडी घ्या.

पँटचा प्रश्न आपल्या घरांत थोडा वेगळा आहे. पठाणी किंवा पायजमा घालणाऱ्याला नेहमीच्या कपड्यांवरून चढवायची, बाजूला पूर्ण लांबीची चेन असलेली ओव्हरपँट सोयीची. मशिदीच्या दारात बूट काढून ती दोन मिनिटांत उतरते, सजद्याला अडचण होत नाही आणि रस्त्याचा चिखल आत जात नाही. चांगली रायडिंग पँट मात्र चार हजारांच्या पुढे जाते. तोपर्यंत पट्ट्याने बांधायचे नी-गार्ड जाड पँटच्या आतून वापरा. त्यांच्यावरही ईएन 1621-1 पाहा.

मागे बसणाऱ्या भगिनींसाठीही दोन शब्द. बुरख्याचा किंवा ओढणीचा पदर मागच्या चाकात अडकून गंभीर अपघात होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी मोटारसायकलला असलीच पाहिजे. ती काढून टाकू नका. बुरख्याचा घोळ मांडीखाली दाबून बसा, ओढणी जॅकेटच्या आत घ्या. हेल्मेटखाली पिना आणि गाठ नको. पातळ सुती टोपी किंवा घट्ट बसणारा हिजाब असला की हेल्मेट नीट बसते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि ताशी 40 ही वेगमर्यादा, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे.

आता सहा हजारांचा हिशेब. मुलाकडे चांगले हेल्मेट आहे असे धरतो. लेव्हल 1 पॅड असलेले साधे जाळीचे जॅकेट साधारण चार हजारांच्या आसपास, नी-गार्ड हजाराच्या आत-बाहेर आणि रेनसूट हजाराच्या आसपास. भाव दुकानाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात. पावसाळा संपल्यावर रेनसूट स्वस्त मिळतो. हेल्मेट नसेल तर आधी तेच घ्या आणि जॅकेट दोन महिने थांबू द्या. रायडिंग पँट आणि पाठीचे पॅड पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह. धुताना पॅड काढून, साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात कापड लवकर विरते.

भगिनी, पैसा वाया जाणार नाही. एक विनंती मात्र मुलांना सांगा: जॅकेट अंगावर आले म्हणून वेग वाढवू नका. ते पडल्यावर कामाला येते. पडू नये म्हणून ब्रेक, टायर आणि सबूरच कामाला येते. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना सुखरूप घरी आणो. आमीन.