पीयूसीवरचे दोन आकडे

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, यांस



सांगलीत २२ वर्षं मी दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. गाडी आत घेतानाच गिऱ्हाईक विचारतं, "ॲव्हरेज वाढेल ना?" धुराचं क्वचितच कोणी विचारतं. खरं तर दोन्हींची नाळ एकच.

पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जळायचंच राहिलं तर हायड्रोकार्बन बाहेर पडतात. पीयूसीच्या, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या, यंत्रावर हेच दोन आकडे दिसतात. ते चढले, की मालकाचे पैसे सायलेन्सरमधून उडताहेत असं समजावं. एअर फिल्टर तुंबलेला, प्लग काजळलेला, चोक अर्धवट ओढलेला. बहुतेकदा कारण एवढंच असतं.

मात्र ॲव्हरेजच्या हव्यासानं मिक्श्चर फार लीन करणं, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा वाढवणं, हेही घातक. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा थोडी वाढवली की ॲव्हरेज सुधारतं, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि पेट्रोल गाडीच्या पीयूसीत ते मोजलेच जात नाहीत. आणखी वाढवली की इंजिन मिसफायर होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची वाट लावतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण सांभाळतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांची भिस्त मात्र मेकॅनिकच्या कानावर आणि स्क्रू ड्रायव्हरवर. तपासणीपुरता मिक्श्चरचा स्क्रू फिरवायचा आणि प्रमाणपत्र मिळालं की परत होता तसा करायचा, हे गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मीही केलंय. त्याची मला खंत आहे.

म्हणून तीन विनंत्या. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, असे दोन्ही वेळचे आकडे प्रमाणपत्रावर छापा, आणि त्यांचा अर्थ खाली सोप्या मराठीत लिहा. आयटीआयमध्ये आम्हा गॅरेजवाल्यांसाठी गॅस ॲनालायझरवर हात बसेल असं छोटं प्रशिक्षण ठेवा. आणि कर्कश सायलेन्सर बसवणाऱ्यांना आवाजाबरोबरच काढून टाकलेल्या कन्व्हर्टरबद्दलही जाब विचारा.

आज प्रमाणपत्र पोलिसांना दाखवण्यापुरतं उरलंय. त्यात आपलंच पेट्रोल किती वाया जातंय ते दिसलं, तर लोक दंडाच्या धाकाशिवायही गाडी नीट ठेवतील. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे: तपासणीनंतर स्क्रूला हात लावत नाही.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक, सांगली