एक चाक, दोन चाकं आणि आपला तोल

खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना लोणावळ्याजवळचं थंड हवेचं ठिकाण आठवतं. आमचं खंडाळा ते नव्हे. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. एका बाजूला शिरवळची एमआयडीसी, दुसरीकडे लोणंदचा कांदा बाजार आणि मधे सावित्रीबाईंचं नायगाव. इथल्या बाईचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो गाडीवर चालतो. एसटी वेळेवर आली तर कॉलेज, वडाप मिळालं तर दवाखाना, कंपनीची बस चुकली तर खाडा. म्हणूनच 'कुठली गाडी घ्यावी' हा विषय आमच्याकडे नुसता हौसेचा नसतो.

आता या विषयात एक नवीन पाहुणा आलाय. मोबाइलवर मुलं ते व्हिडिओ बघतात. एका चाकावर उभा राहून कुणी सुसाट चाललाय, कुणी दोन चाकांच्या फळीवर उभं राहून गिरक्या घेतंय. ना हँडल, ना सीट. नुसतं पुढं झुकायचं की गाडी पुढं, मागं झुकायचं की थांबते. दिवाळी जवळ आली, दहावीचा निकाल लागला की मागणी सुरू, 'आई, मला ती पाहिजे!' आणि मग घरात चर्चा रंगते की एका चाकाची घ्यावी की दोन चाकांची?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ही गाडी उभी कशी राहते, ते समजून घेऊ. फार अवघड नाही. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरायचा खेळ खेळलोय. काठी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हात पटकन न्यायचा, की ती पडत नाही. या गाड्यांचं हेच तंत्र. आतल्या यंत्राला कळतं की माणूस पुढं कललाय. ते लगेच चाक पुढं पळवतं आणि आपल्या पायाखाली आणतं. सेकंदात कितीतरी वेळा हे चालू असतं. म्हणजे तोल सांभाळणारी बॅटरी आणि मोटर. त्यांनी हात टेकले की आपण पडलो! सायकलची चेन तुटली तर आपण पाय टेकून उतरतो. इथं ती सोय नाही. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

आता दोन्हींतला फरक. दोन चाकं शेजारी-शेजारी असली की डावं-उजवं सांभाळायला ती चाकं आहेत, यंत्राला फक्त पुढचं-मागचं बघायचं असतं. त्यामुळे जागच्या जागी उभं राहता येतं आणि नवखं माणूसही थोड्या वेळात शिकतं. एका चाकाच्या गाडीत पुढचं-मागचं यंत्र बघतं, पण डावं-उजवं तुम्हालाच बघायचं. सायकलसारखं. वेग असेल तर तोल राहतो, थांबलात की कललात. शिकायला कित्येक दिवस जातात आणि गुडघे फुटतात ते वेगळंच.

मग दोन चाकांची बरी, असं वाटेल. पण थांबा. आपल्याकडे जी स्वस्तातली फळी मिळते, म्हणजे हॉवरबोर्ड, तिची चाकं वीतभराचीसुद्धा नसतात. गुळगुळीत फरशीवर ती छान चालते. आपल्या वाडीच्या रस्त्यावर मुरूम, खडी, गतिरोधक, मधेच शेणाचा पो. एक चाक खड्यावर अडकलं की फळी गर्रकन फिरते आणि माणूस आडवा. उलट एका चाकाच्या गाडीचं चाक मोठं असतं, ते खड्डा सहज पार करतं. म्हणून सराईत पोरं एक चाकच पसंत करतात, तेही खरं. थोडक्यात काय, दोन चाकं शिकायला सोपी पण रस्त्याला नाजूक. एक चाक रस्त्याला दणकट, पण शिकायला आणि पडायला अवघड!

या गाड्यांचा इतिहासही मोठा बोलका आहे. अमेरिकेत डीन केमन यांनी २००१ च्या डिसेंबरात 'सेगवे' नावाची दोन चाकांची, हँडलची गाडी जगापुढे आणली. आता शहरं बदलणार, लोक चालणं सोडणार, अशी केवढी हवा झाली होती. प्रत्यक्षात ती विमानतळ, पर्यटक आणि पोलिसांची गस्त एवढ्यापुरतीच राहिली आणि २०२० साली ती बनवणंही बंद झालं. त्याच २०२० साली मुंबई पोलिसांना समुद्रकाठच्या रस्त्यांवर गस्तीसाठी अशाच तोल सांभाळणाऱ्या गाड्या मिळाल्या. बघा, सपाट रस्ता, ठरलेला पट्टा, प्रशिक्षित माणूस. तिथं ती शोभते. खंबाटकीच्या चढाला नाही.

स्वस्त हॉवरबोर्डची कथा तर काळजीची आहे. बॅटरी पेट घेतात म्हणून २०१६ च्या जुलैत अमेरिकेत पाच लाखांवर हॉवरबोर्ड बाजारातून परत मागवले गेले. एका जाड चाकाची 'वनव्हील' नावाची फळी आहे, तिच्यावरून पडून २०१९ ते २०२१ या काळात चार जण दगावल्याची नोंद झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तब्बल तीन लाख गाड्या परत मागवण्याची घोषणा झाली. कारण काय? गाडीला तिच्या ताकदीपलीकडे ताणलं की ती तोल सोडते. कंपनीने मग गाडीनेच गुरगुरून, थरथरून इशारा द्यावा अशी सुधारणा केली. चढ जास्त, बॅटरी उतरलेली, वजन जास्त, वेग जास्त. या चारांतलं काहीही झालं की मोटरकडे शिल्लक ताकद उरत नाही. म्हणून गाडी पिप-पिप करायला लागली किंवा पुढून वर उचलायला लागली, तर ती 'उतर बाई' असं सांगत असते. तिचं ऐकायचं.

आणि कायदा? आपल्याकडे २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या बॅटरीच्या दुचाकीला लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. पण याचा अर्थ 'लायसन्स नको म्हणजे काहीही चालतं' असा नव्हे. त्या गाडीलाही मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीचा दाखला लागतो. दुकानदाराला स्पष्ट विचारा, 'रस्त्यावर चालवायचा दाखला आहे का? कागद दाखवा.' तो हसून विषय बदलायला लागला, तर आपण समजून घ्यायचं. जर्मनीसारख्या देशानेही २०१९ साली विजेच्या छोट्या गाड्यांना रस्ता मोकळा केला, तेव्हा अट घातली ती हँडलची. बिनहँडलचं एक चाक आणि हॉवरबोर्ड रस्त्याबाहेरच राहिले. आपल्या महामार्गावर तर कंटेनर, ट्रक आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर. तिथं बिनदिव्याच्या, बिनहॉर्नच्या फळीवर पोरगं पाठवायचं? नकोच.

चार्जिंगचंही सांगायलाच हवं. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचं लेकरू गेलं. त्या वर्षी अशा बऱ्याच घटना झाल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. पण नियम दिल्लीत होतात, प्लग आपल्या घरात असतो. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरायचा. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग नको. दाराच्या वाटेत नको, गादीजवळ नको, गॅसच्या टाकीजवळ तर मुळीच नको. बॅटरी फुगली, तापली, वास आला तर 'चालतंय की अजून' म्हणायचं नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता माझं मत. एक की दोन, एवढंच निवडायचं असेल तर सरळ उत्तर देते. अंगण आहे, बंद मैदान आहे, निव्वळ खेळायला पाहिजे, तर दोन चाकांची घ्या, त्यातही हँडल असलेली. हेल्मेट, गुडघ्याचे-कोपराचे पॅड आणि पायात बूट. ओढणी, साडीचा घोळ चाकाजवळ नको. एक चाक घ्यायचंच असेल तर ते जाणत्या, सराव केलेल्या मोठ्या मुलाने किंवा मुलीने, आणि तेही रस्त्यापासून लांब. पंक्चर झालं तर आपल्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला ते सहज काढता येणार नाही, हेही धरून चाला.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. या चर्चेत 'कुणासाठी' हा प्रश्न कुणी विचारतं का? हौसेची गाडी बहुतेक वेळा मुलासाठी येते. चांगल्या प्रतीचं एक चाक घ्यायला गेलं तर पैसे बसून चालवायच्या साध्या ई-स्कूटरच्या घरात जातात. तेवढेच पैसे मुलीच्या कॉलेजसाठी, आईच्या कामासाठी मागितले की मात्र 'बघू पुढच्या वर्षी' आणि 'भाऊ सोडेल की'. भाऊ सोडतो, पण त्याला वेळ असेल तेव्हा. त्याला वेळ नसला की लेक्चर बुडतं, पाळी बदलते, आणि हळूहळू 'कशाला एवढी धावपळ' म्हणून मुलीचं शिक्षणच थांबतं. गाडीवाचून थांबलेली शिक्षणं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

गाडी काय करू शकते, याचा हिशोब झालेला आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना निघाली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. नुसत्या सायकलने! आपल्या महाराष्ट्रातही १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची लूना आली, १९८४ मध्ये बटणावर सुरू होणारी, बिनगियरची कायनेटिक होंडा आली. साडी नेसून पाय पुढे ठेवून बसता येईल अशी ती गाडी. कितीतरी शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या बायका त्यावर स्वार झाल्या. त्यांनाही 'बाईमाणसाला शोभतं का' हे ऐकावं लागलंच. लोक चार दिवस बोलले, गाडी मात्र कितीतरी वर्षं चालली. आता लूनासुद्धा २०२४ पासून विजेवर आलीय.

म्हणून म्हणते, घरात गाडीचा विषय निघाला की आधी एक वही घ्या. घरातल्या प्रत्येकाने आठवड्यात कुठं कुठं जायचं असतं, कसं जातो, किती वेळ वाट बघतो, हे लिहून काढा. बाजार, दूध, शाळा, दवाखाना, पाळी, बचत गटाची मीटिंग, माहेर. त्या वहीत सगळ्यात जास्त वाट बघणारी बहुतेक बाईच निघेल. मग पहिली गाडी तिची. बसायला सीट, पुढे पिशवी ठेवायला जागा, दिवा, हॉर्न, ब्रेक, गावात दुरुस्ती. गावातल्या गावात फिरायचं तर कमी वेगाची चालेल. शिरवळ-लोणंदला रोज जायचं असेल तर नंबरप्लेटची घ्या, लायसन्स काढा, डोक्यावर हेल्मेट ठेवा. आणि हो, कागदावर नाव तिचं, किल्लीही तिच्याच पर्समध्ये. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात नंबरप्लेटची गाडी देऊ नका. २०१९ च्या कायद्यानुसार त्याच्या गुन्ह्याला पालक जबाबदार धरला जातो. २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद!

आणि हौस? हौस करूच नये असं मी म्हणत नाही. गरजेचं झालं, चार पैसे उरले, अंगणात जागा असली तर आणा की दोन चाकांची फळी. फक्त ती एकट्या मुलाची असू नये. मुलीनेही चढावं, आईनेही पदर खोचून, नाहीतर सरळ ड्रेस घालून एकदा उभं राहून बघावं. पहिल्यांदा कुणीतरी हात धरावा लागेल. हात धरणाऱ्या नवऱ्यालाही त्या निमित्ताने कळेल, तोल सांभाळणं काय असतं ते!

नायगावच्या मातीत १८३१ साली जन्मलेली एक मुलगी पुढे पुण्यात शाळेत शिकवायला जायची, ती पायी. रस्त्यात शेणाचे गोळे अंगावर झेलत. तिच्या तालुक्यातल्या मुलीला आज कॉलेजला जायला 'कोण सोडणार?' असं विचारावं लागू नये, एवढीच अपेक्षा. चाक एक की दोन, हे नंतर बघू. आधी ते कुणाच्या पायाखाली येतंय, ते ठरवू या.